खोडव्याला वाली कोण?

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक सभ्य संकेत आहे. पुढ्यात फराळाचे ताट असताना कोणाला वादाची चकली चावावयाची हौस असणार? तरीही हे भांडण मी दिवाळीतच काढतो आहे. ज्या रोगाविरुद्ध मला बोलावयाचे आहे, त्याला उधाण येते ते नेमके याच दिवसांत. त्या रोगाचे नाव नव्याचा सोस. वर्तमानपत्र उघडावे तर पानभर एकच हाक: जुने द्या, नवे घ्या. नव्याशी माझे वैर नाही. पाडव्याला नवा सदरा मीही घालतो. पण जुन्याची निगा राखणाऱ्या माणसाला खुळा ठरवावयाचे, आणि जुने मोडीत काढणाऱ्याला द्रष्टा म्हणून हार घालावयाचे, हा जो व्यवहार आमच्या संगणकाच्या धंद्यात राजरोस चालला आहे, त्याबद्दल मला चार कडक शब्द बोलावयाचे आहेत.

मी अंबाजोगाईचा. ग्रंथालयांतील संगणकांची देखभाल हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पण विषय नीट कळावा म्हणून आधी उसाकडे वळतो. बीड जिल्ह्यातील माणसाला ऊस दोन बाजूंनी ठाऊक असतो. काहींच्या शेतात तो उभा असतो, आणि पुष्कळांच्या नशिबी तो दुसऱ्याच्या शेतात जाऊन तोडणे असते. उसाची लागण एकदा करावयाची. तो तुटून गेला की बुडख्यांतून पुन्हा जे पीक फुटते त्याला म्हणावयाचे खोडवा. खोडव्याला बेणे लागत नाही, नांगरट लागत नाही. म्हणून आळशी शेतकरी समजतो की त्याला काहीच लागत नाही. लागणीला खत, लागणीला पाणी, लागणीचे फोटो. खोडवा आपला देवाच्या भरवशावर. मग उतारा घसरला की दोष खोडव्याला! जाणता शेतकरी असे करीत नाही. तो बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट न जाळता सरीत पसरतो, नांग्या भरतो, वेळेवर खत देतो. आणि आणखी एक गोष्ट तो करतो: दोन-तीन खोडवे घेऊन झाले की तो फड मोडतो, आणि कधी मोडावयाचा हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातही लागण आणि खोडवा असतो. तिथे खोडव्याला रिलीज ब्रँच म्हणतात. मी आपला तिला फांदी म्हणेन. एखादा प्रोग्रॅम दहा देशांतील शंभर माणसे मिळून लिहीत असतात. त्याचे जे मुख्य खोड, त्यात रोज भर पडते, रोज मोडतोड होते. असले कच्चे बांधकाम लोकांच्या हाती देता येत नाही. म्हणून ठरावीक दिवशी त्या खोडाला एक फांदी फोडतात, तिला आवृत्तीचा क्रमांक देतात, आणि त्या दिवसापासून तिच्यात नवे काही घालावयाचे नाही अशी शपथ घेतात. फक्त दुरुस्ती. खोड आपले वाढत राहते; लोक वापरतात ती फांदी.

हे सारे माझ्या रोजच्या कामातील उदाहरणाने सांगतो. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागातील ग्रंथालयांचा जुना प्रोग्रॅम २००० साल उजाडताच कोलमडणार, असे दिसू लागले. सालाचे दोनच आकडे लक्षात ठेवणाऱ्या साऱ्या यंत्रांना त्या वर्षी जी धडकी भरली होती, तीच ही. तेव्हा १९९९ साली त्यांनी एका छोट्या कंपनीकडून नवा प्रोग्रॅम लिहवून घेतला, जानेवारी २००० मध्ये तो चालू केला आणि जगाला मोकळा करून दिला. ज्याला हवा त्याने घ्यावा, उकलून पाहावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा. याचे नाव कोहा. आज जगभरची ग्रंथालये तो वापरतात, आपल्या मराठवाड्यातील महाविद्यालयांतही तो आहे. पुस्तकाची नोंद, देवघेव, दंड, सारे त्यात होते. कोहा हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ देणगी. पण साधी देणगी नव्हे. पुढे कधीतरी तिची परतफेड व्हावी अशी अपेक्षा जिच्यात धरलेली असते, ती देणगी. आपल्याकडील आहेराची वही ज्यांनी सांभाळली आहे, त्या गृहिणींना हा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही.

तर या कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये निघते. प्रत्येक खेपेला एक रिलीज मॅनेजर निवडला जातो. तो मुख्य खोडाचा कारभारी. आणि त्याच्याच बरोबर जुन्या फांद्यांसाठीही माणसे निवडली जातात. एक ताज्या फांदीला, एक तिच्या आधीच्या फांदीला, एक त्याहून जुन्या फांदीला. एखादी दुरुस्ती सुचविली की आधी दुसऱ्या कोणीतरी ती स्वतःच्या संगणकावर चालवून पाहून सही करावयाची, मग गुणवत्ता तपासणाऱ्याने पुन्हा पाहावयाची, मग ती मुख्य खोडात जावयाची, आणि तिथून एकेक पायरी उतरत जुन्या फांद्यांत. हा क्रम उलटा चालत नाही. लिनक्सच्या गाभ्याचीही, ज्याला कर्नल म्हणतात, हीच रीत आहे. २००५ साली तिथे स्थिर फांद्यांची व्यवस्था सुरू झाली. नियम मोठे करकरीत आहेत. दुरुस्ती खऱ्या दोषाचीच हवी, शंभर ओळींहून मोठी नको, आणि ती मुख्य खोडात आधी पोचलेली हवी.

आधी खोडात का? घरातल्या अनारशांचे पाहा. आजीच्या वहीत कृती आहे. लेक सासरी गेली तेव्हा तिने ती उतरवून नेली. पुढे आजीने गुळाऐवजी पिठीसाखर घालावयास सुरुवात केली. लेकीच्या वहीत गूळच राहिला. एका दिवाळीला लेकीच्या लक्षात आले की तांदूळ भिजवण्याचे दिवसच चुकीचे लिहिले आहेत. तिने आपल्या वहीत खोडून दुरुस्त केले आणि गप्प बसली. मग धाकटी बहीण लग्न होऊन निघते, आजीच्या वहीतून कृती उतरवते, आणि तिचे अनारसे पुन्हा तुपात विरघळतात! चूक मुळात दुरुस्त झाली नाही की ती प्रत्येक नव्या प्रतीबरोबर पुन्हा जन्म घेते. आता उलट बाजू पाहा. आजीने आपल्या वहीत लिहिले, ‘साखर अर्धी वाटी कमी’. ही सुधारणा लेकीच्या वहीत जशीच्या तशी उतरवून चालेल काय? तिच्याकडे साखर आहेच कुठे? गुळाचे माप तिला स्वतः बसवावे लागेल, करून पाहावे लागेल, एक घाणा बिघडवावा लागेल. नव्यातील दुरुस्ती जुन्याला बेतून घेण्याचे हे काम म्हणजेच बॅकपोर्ट. याला नव्या लेखनाइतकीच अक्कल लागते आणि नव्या लेखनाच्या दशांशही कौतुक मिळत नाही.

आता माझे भांडण ज्यांच्याशी आहे त्यांच्याकडे येतो. ते दोन तऱ्हेचे आहेत.

पहिले, अष्टौप्रहर नवे मागणारे. यांना फांदी फोडल्यावरही धीर धरवत नाही. ‘एवढे एक बटण जुन्यातही घाला ना, लहानसेच आहे.’ बटण कधीच लहान नसते. त्यामागे दहा ओळी येतात, दहा ओळींमागे एक नवा दोष येतो, आणि ज्या ग्रंथपालाने विश्वासाने जुनी फांदी धरली त्याची देवघेव ऐन परीक्षेच्या दिवसांत बंद पडते. भाषांतरकारांचे हाल तर कोणी विचारूच नयेत. आवृत्ती निघण्यापूर्वी काही दिवस पडद्यावरील शब्द गोठवतात, म्हणजे निरनिराळ्या भाषांतील मंडळींना आपापले भाषांतर पुरे करावयास उसंत मिळावी. त्या मुदतीत कोणी हौसेने एक वाक्य बदलले, तर फ्रेंच मंडळी संख्येने पुष्कळ, ती रातोरात भरून काढतात. मराठीत काम करणारे दोन-चार. मग आमच्या पडद्यावर अर्धे वाक्य मराठी आणि अर्धे इंग्रजी, असे खिचडीचे ताट वाढले जाते, आणि पाहणारा म्हणतो, ‘मराठीत हे जमतच नाही!’

दुसरे, काहीच न हलवणारे. हे पहिल्यांहून घातक, कारण ते स्वतःला व्यवहारी समजतात. यांचा मंत्र ‘चालतंय ना? मग हात कशाला लावता?’ आमच्याच भागातील एका महाविद्यालयाची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. ग्रंथालयात कोहा बसवले ते एका कंत्राटदाराने. दिवाळीच्या सुटीत ग्रंथालय बंद असते, त्या दिवसांचा दंड विद्यार्थ्यांना लागू नये, अशी प्राचार्यांची रास्त इच्छा. ही सोय प्रोग्रॅममध्ये मुळातच आहे. सुट्यांचे पंचांग भरावयाचे आणि एक खूण बदलावयाची, की झाले. पण खूण बदलण्याचे बिल किती लावणार? कंत्राटदाराने सरळ कोड उकलला, त्यात आपले ठिगळ लावले आणि नव्या कामाचे पैसे घेतले. पुढे त्या फांदीवर सुरक्षेची दुरुस्ती आली. ती बसवावी तर ठिगळ पुसले जाते. म्हणून त्याने ग्रंथपालांना बजावले, ‘अपडेट करू नका, बिघडेल.’ आणि त्यांनी केले नाही. कुलूप तुटके आहे हे साऱ्या जगाला जाहीर झाले, नवे कुलूप फुकट दारात येऊन पडले, आणि हे मात्र ‘दाराला हात लावू नका’ म्हणत बाहेर उभे! मी हे बोलून दाखविले तेव्हा मला उत्तर मिळाले की फुकटच्या वस्तूत असे चालायचेच. फुकट? त्या फांदीसाठी सातासमुद्रापलीकडे कोणी माणूस रात्री जागून ती दुरुस्ती बेतून देत होता. आहेराची वही काढली तर आपल्या नावापुढे त्या वहीत काय लिहिलेले सापडेल?

नव्याच्या भक्तांना आणि न हलणाऱ्यांना एकमेकांचे तोंड पाहवत नाही, पण दोघांत एक साम्य आहे. दुरुस्ती हे काम आहे, हे दोघांनाही मान्य नाही.

कोणी म्हणेल, ही सारी परदेशी खुळे. आपल्या परंपरेत यांचे काय? अशा माणसाला मी हाताला धरून पैठणला नेईन आणि तिथून बीडला परत आणीन. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगितली गेली. पुढे तीनशे वर्षे ती हाताने उतरवली गेली. उतरवणारे काही यंत्रे नव्हते. कोणी शब्द चुकला, कोणी न कळलेला शब्द बदलून सोपा केला, आणि कोणाला मधेच स्वतःची ओवी सुचली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती मिळवून शुद्ध पाठ सिद्ध केला. आणि एवढे करून ते थांबले नाहीत. शेवटी त्यांनी स्पष्ट बजावून ठेवले की यात कोणी आपली ओवी घालू नये. घातली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल. माझ्या धंद्यातील कोणत्याही रिलीज मॅनेजरला विचारा, फांदी गोठवणे यालाच म्हणतात की नाही! नाथांना कवित्व करता येत नव्हते म्हणून ते दुरुस्तीला बसले होते काय? ज्यांनी एकनाथी भागवत लिहिले, त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथात एक शब्द आपला न घालता केवळ झाडलोट करावी, यातील थोरवी आम्ही कीर्तनात टाळ्या वाजवून ऐकतो, आणि घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या पोराला विचारतो, ‘स्वतःचे असे काय केलेस?’

आता बीडकडे. नाथांची प्रत सर्वत्र पसरली, पण सगळ्याच जुन्या पोथ्या नाहीशा झाल्या नाहीत. नाथांच्या हाताखालून न गेलेली एक पोथी बीडच्या पाटांगणात राहिली. ती इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या हाती आली आणि तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. ती मुकुंदराजांच्या परंपरेतील आणि फार प्राचीन, हा राजवाड्यांचा दावा साऱ्या पंडितांना पटला नाही. राजवाड्यांचे कोणते म्हणणे साऱ्यांना पटले होते म्हणा! पण त्या पोथीमुळे मराठीच्या जुन्या रूपांचा विचार करावयास एक वेगळी वाट मिळाली. नव्या प्रतीच्या उत्साहात आमच्या बीडकरांनी जुनी पोथी गंगार्पण केली असती, तर ही वाट बुजली असती. नाथांची प्रत आणि पाटांगणाची प्रत, दोन्ही हव्यात. शुद्ध करून गोठवलेली फांदी हवी, आणि ती ज्या खोडातून फुटली त्याचा मागही हवा. सॉफ्टवेअरमध्ये हा माग प्रत्येक ओळीचा ठेवला जातो: कोणी, कधी, का बदलली. आमच्या कंत्राटदाराच्या ठिगळाला मात्र ना नाव, ना तिथी, ना कारण.

विरुद्ध पक्षाचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि तो टाळणे भ्याडपणाचे होईल. ते म्हणतात, जुन्या फांद्या सांभाळावयास माणसे आणावयाची कोठून? लिनक्सच्या गाभ्यातच पाहा. २०१७ साली गूगलच्या माणसाने जाहीर केले की दीर्घ मुदतीच्या फांद्या दोनऐवजी सहा वर्षे सांभाळल्या जातील. कारण उघड होते. अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतात आणि फोनला दोन वर्षे पुरत नाहीत. पण २०२३ च्या सप्टेंबरात स्पेनमधील बिलबाओ येथे भरलेल्या परिषदेत सांगण्यात आले की मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणावयाची. कारणे दोन: इतक्या जुन्या फांद्या फारसे कोणी वापरत नाही, आणि सांभाळणारी माणसे थकली आहेत.

दुसरे कारण मी टोपी काढून मान्य करतो. पहिले मात्र मला बीडमध्ये बसून ऐकवत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पाठीवर संसार असतो, आणि खिशात एक फोन असतो, बहुधा कोणाचा तरी जुना. गावी ठेवलेल्या मुलांशी बोलणे त्याच्यावर, आईला पैसे धाडणे त्याच्यावर, बँकेचा निरोप त्याच्यावर. या माणसाने दर दोन वर्षांनी नवा फोन घ्यावा, असा सल्ला देणाऱ्याने एकदा पहाटे थंडीत कोयता घेऊन फडात उभे राहावे. जुन्या फांद्या कोणी वापरत नाही असे नाही हो. गाभ्याच्या माणसांनी केलेली दुरुस्ती फोन करणारा कारखानदार त्या फोनपर्यंत पोचवीत नाही. खत बांधावर पडून राहिले आणि पीक पिवळे पडले, तर खत निरुपयोगी होते असा निष्कर्ष काढावयाचा काय?

माणसे थकतात हे मात्र खरे, आणि थकलेल्या माणसाला एकटे सोडले तर काय होते याचा दाखला साऱ्या जगाने २०२४ साली पाहिला. एक्सझेड नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. फाइली दाबून लहान करावयाच्या, एवढेच त्याचे काम. पण जगातील असंख्य सर्व्हरवर तो असतो. अनेक वर्षे एकच गृहस्थ तो फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळीत होते. २०२२ च्या सुमारास त्यांच्यामागे तगादा सुरू झाला: आवृत्त्या उशिरा का, तुम्हाला वेळ नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. तगादा करणाऱ्यांतील काही नावे बनावट असावीत, असे आता जाणकार मानतात. याच वेळी जिया टॅन या नावाचा एक मदतनीस पुढे आला. गोडबोल्या, कामसू, कधी नाही म्हणत नसे. हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ ही आवृत्ती निघाली, आणि दोहोंत चोरदार होते. युक्ती पाहण्यासारखी आहे. चोराचा मुख्य धागा सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच. तो घातला होता आवृत्ती म्हणून बांधून दिलेल्या गठ्ठ्यात. कोठारातले बियाणे चोख, पिशवीतले वेगळे! आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला आपल्या संगणकावर दूरचा प्रवेश अर्धा सेकंद उशिरा होतो आहे असे दिसले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी खांदे उडवले असते. हा मागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सारे उघड केले.

पण माझ्या मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. डेबियन नावाची जी मोफत प्रणाली आहे, तिच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील खेळण्यांची नावे देतात. जी कायम कच्ची असते त्या शाखेला नाव आहे सिड, म्हणजे त्या चित्रपटातील खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. मुलांनी हे वाचले तर ती हसतील, आणि हसावेच. ते चोरदार या सिडमध्ये आणि चाचणीच्या शाखेत शिरले होते. स्थिर फांदीत एक्सझेडची जुनी, ५.४ ची आवृत्ती होती. तिला धक्काही लागला नाही. जगाचे सर्व्हर वाचले ते एका चौकस माणसामुळे, आणि ज्या सावकाशपणाला आम्ही मागासलेपण म्हणतो त्या सावकाशपणामुळे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. त्या नऊ दिवसांत नवे काय गुण उधळते ते दुरून पाहावयाची सोय म्हणजे ही फांदी.

फांदी अमर असावी, असे माझे म्हणणे नाही. खोडव्याप्रमाणे तिचाही फड मोडावाच लागतो. पण तारीख आधी सांगा, आणि तोवर निगा राखा. डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे तीन वर्षे सांभाळतात आणि पुढे दीर्घ मुदतीचे लोक ती पाच वर्षांपर्यंत नेतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांनी जुन्या ३२ बिटांच्या संगणकांवर ती नव्याने बसवण्याची सोय बंद केली. माझ्याकडे असे दोन संगणक आहेत. मला वाईट वाटले. पण मी त्यांना शिव्या दिल्या नाहीत, कारण बारावी आवृत्ती कधीपर्यंत सांभाळली जाईल हे त्यांनी लिहून दिले आहे. केरळच्या शाळांनी हीच रीत ओळखली. २०१९ साली त्यांनी उबंटूची पाच वर्षे सांभाळली जाणारी १८.०४ ही फांदी निवडली, तीवर आपल्या शाळांपुरती बेतलेली आवृत्ती काढली आणि दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी ती जाहीर केली. सरकारी खात्यालाही खोडवा राखता येतो, त्याला फक्त पाचट जाळण्याची घाई नसावी लागते.

मग आमच्याकडे माणसे नाहीत काय? रग्गड आहेत! दरवर्षी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्प करतात. त्यांतील निम्म्यांचा विषय मी न पाहता सांगतो: लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम. दरवर्षी नव्याने, पहिल्या ओळीपासून. सोनेरी अक्षरांचा काळा ग्रंथ बांधून घेतात, तोंडी परीक्षा होते, गुण मिळतात, आणि तो प्रकल्प दुसऱ्या दिवशी मरतो. ज्या महाविद्यालयात तो सादर होतो, त्याच्याच ग्रंथालयात तळमजल्यावर कोहा चालत असते, आणि तिथे बसवावयाच्या दुरुस्त्या सहा-सहा महिने पडून असतात. मधला जिना उतरावयास कोणी तयार नाही! शिक्षकांना विचारले तर म्हणतात, दुरुस्तीला नवेपणाचे गुण कसे द्यावयाचे? द्या की हो. ज्याने एक दोष शोधला, खोडात दुरुस्त केला, तीन जुन्या फांद्यांत बेतून बसवला आणि परक्या देशातील अनोळखी तपासनिसाकडून त्यावर सही मिळवली, त्याच्या कामाची परीक्षा तुमच्या तोंडी परीक्षेहून कडक झालेली आहे. त्याला ग्रंथ बांधावयास लावू नका. त्याचे नाव त्या ओळीपुढे कायमचे लागलेले असते.

माझी मागणी एवढीच आहे. मराठवाड्यातील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने यंदाच्या वर्षापुरता एक गट काढावा, पाच मुलांचा पुरे. त्या गटाने नवे काही लिहावयाचे नाही. आपल्या ग्रंथालयात जी फांदी चालते तिच्यावर आलेल्या दुरुस्त्या आधी आपल्याकडे बसवावयाच्या, खाजगी ठिगळे एकेक करून सोडवावयाची, आणि मग वर्ष संपण्यापूर्वी निदान एक दुरुस्ती किंवा मराठी पडद्याची दहा वाक्ये परत पाठवावयाची. सुरुवात मराठी वाक्यांनी केली तर उत्तम. त्याला प्रोग्रॅमिंगही यावे लागत नाही, मराठी मात्र यावे लागते. संस्थाचालक पैशांचा प्रश्न काढतील म्हणून आधीच सांगतो: जागा माझी, चहा माझा, संगणक माझे. दर रविवारी सकाळी दहाला, भाऊबिजेनंतरच्या पहिल्या रविवारपासून. येताना ग्रंथपालांना बरोबर आणा. प्रोग्रॅममध्ये काय मोडले आहे ते त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही.